गोविंदा खेळाडू कधी होणार? दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिल्याचे प्रकरण

2022 च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन भरले तेव्हा राज्यात नवे सरकार येऊन दोन महिनेही झाले नव्हते. 18 ऑगस्टला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत घोषणा केली की दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळेल आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या 5 टक्के आरक्षणाचा लाभ गोविंदांनाही घेता येईल. थरावरून पडून मृत्यू झाल्यास कुटुंबाला 10 लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख आणि एक अवयव गमावल्यास 5 लाख, अशी मदतही जाहीर झाली. करोनामुळे 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी थर लागले नव्हते. पथके आतुर होती, तिकडे आयोजकांनी मंच बांधले होते. घोषणेने त्या उत्साहाला राजमान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी विलेपार्ल्यात थरावरून पडलेला एक विशीतला तरुण पुढच्या सोमवारी रुग्णालयात मरण पावला.

या दोन घटना एकाच आठवड्यातल्या आहेत आणि त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. सरकार एखाद्या गोष्टीला खेळ म्हणते तेव्हा त्यात झोकून देणाऱ्या शरीरांची जबाबदारी कोणावर येते, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दर्जा दिल्याने गोविंदाला मान मिळाला आणि इजा झाल्यानंतरच्या पैशांची सोय झाली. पण इजा होऊ नये म्हणून कोणतीही क्रीडासंस्था जे करते ते करायला कोणी पुढे आले नाही. धोका पूर्वी ज्याच्या अंगावर होता, त्याच्याच अंगावर राहिला.

थर लावणारे कोण

गुरुपौर्णिमेच्या सुमारास नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. जागा म्हणजे चाळीचे पटांगण, महापालिका शाळेचे मैदान, पुनर्वसनाच्या इमारतीखालची मोकळी पट्टी, नाहीतर रस्ताच. वेळ रात्रीची, कारण दिवसा सगळे कामावर असतात. पथकात कुरिअरवाले, रिक्षाचालक, कंत्राटी कामगार, महापालिकेचे कर्मचारी, दुकानात काम करणारी मुले, महाविद्यालयात जाणारी मुले असतात. मोठ्या पथकात दोनशेहून अधिक माणसे लागतात, आणि त्यातली बहुतेक कॅमेऱ्यात कधीच दिसत नाहीत.

तळाला भक्कम बांध्याची माणसे खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या दंडात हात गुंफून, माना खाली घालून उभी राहतात. त्यांच्याभोवती आधार देणाऱ्यांचे कडे असते. हे कडे वरच्या भाराला बाहेर फाकू देत नाही आणि थर कोसळला तर पडणाऱ्यांना स्वतःच्या अंगावर झेलते. त्यावर चढत जाणाऱ्या थरांत माणसांची संख्या आणि वजन कमी होत जाते. सर्वांत वर एक्का. तो जितका हलका, तितके खालच्यांचे ओझे कमी, आणि म्हणून तो जितका लहान तितका सोयीचा. पथकाच्या रचनेतले हे साधे गणितच या प्रकरणातल्या सगळ्या वादांचे मूळ आहे.

उंचीचेही गणित करून पाहावे. 20 फुटांवरून मोकळे पडणारे शरीर जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 39 किलोमीटर असतो. 43 फुटांवरून पडल्यास तो 58 च्या आसपास जातो. प्रत्यक्षात थर कोसळताना माणसे एकमेकांवर आदळत, घसरत खाली येतात, त्यामुळे वेग कमी होतो. पण मग वरच्याचे गुडघे खालच्याच्या मानेवर येतात. मणक्याची, खांद्याची, हासळीची दुखापत ही बऱ्याचदा खालच्या-मधल्या थरांतल्या माणसांची असते, आणि ती बातमीत ‘किरकोळ जखमी’ म्हणून मोजली जाते. हासळी मोडलेल्या रिक्षाचालकाचा दीड-दोन महिन्यांचा धंदा बुडतो. ती त्याच्या घरात किरकोळ गोष्ट नसते.

गल्लीतून मंचाकडे

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी हंडी फोडण्याची प्रथा मुंबईच्या चाळींत, विशेषतः लालबाग-परळ-वरळीच्या गिरणगावात, फार जुनी आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या वस्तीत हंडी दोन चाळींच्या मध्ये बांधली जाई, उंची बेताची असे, आणि बक्षीस म्हणजे नारळ, थोडी रोकड आणि शेजारच्या गल्लीवर मिळवलेली वर्षभराची बढाई. भजनी मंडळ, व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, गणेशोत्सव आणि गोविंदा या सगळ्यांत तीच माणसे असत. तालमीत कमावलेले शरीर गल्लीच्या नावासाठी वापरायचे, असा तो व्यवहार होता.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले बरेच पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले आणि कामगारांची पुढची पिढी उपनगरांत, ठाण्यात, डोंबिवली-विरारकडे पांगली. गल्लीतली नोकरी गेली, युनियन गेली, पण मंडळ टिकले. तरुणाला ओळख देणारी, अडीअडचणीला धावून जाणारी, दवाखान्यात रात्र जागवणारी तेवढी एकच संस्था उरली. दहीहंडी आजही का टिकून आहे याचे उत्तर धार्मिकतेपेक्षा इथे जास्त सापडते, असे मला वाटते. ज्या शहराने या मुलांना बाकी कुठेही आत घेतले नाही, तिथे पथक त्यांना जागा देते, आणि ती जागा शरीराने कमवावी लागते.

याच काळात आयोजकही बदलला. ठाण्यात आनंद दिघे यांच्या टेंभी नाक्याच्या हंडीने राजकीय कार्यकर्त्याच्या हंडीला वेगळे वजन मिळवून दिले. त्यानंतर ठाणे, घाटकोपर, वरळी इथे नेत्यांच्या प्रतिष्ठानांच्या हंड्या उभ्या राहिल्या. बक्षिसे हजारांतून लाखांत गेली, थरांप्रमाणे सलामीची रक्कम ठरू लागली, मंचावर कलाकार आले, दूरचित्रवाणीवर दिवसभर प्रक्षेपण सुरू झाले. पथके ट्रक करून एका दिवसात मुंबई-ठाण्यातल्या अनेक ठिकाणी सलाम्या देऊ लागली. टी-शर्टवर नेत्याचा फोटो आला, कारण टी-शर्टचा, ट्रकचा आणि जेवणाचा खर्च त्याने उचललेला असतो. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांची नोंद गिनीज बुकात केली आणि स्पेनमध्ये 1981 साली झालेला विक्रम मागे टाकला. तेव्हापासून उंची ही गल्लीची गोष्ट राहिली नाही.

न्यायालय आणि वय

विक्रमानंतर दोन वर्षांत प्रश्न न्यायालयात आला. 2014 च्या सरावात नवी मुंबईत एक 14 वर्षांचा मुलगा पडून मरण पावला होता. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालील मुलांना थरांत घेऊ नये आणि उंची 20 फुटांपेक्षा जास्त असू नये असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली. 2015 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून जाहीर केले. म्हणजे 2022 ची घोषणा पहिली नव्हती. तोच दर्जा सात वर्षांनी पुन्हा जाहीर करावा लागला, यावरूनच मधल्या काळात त्या दर्जाचे काय झाले ते दिसते.

2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 20 फूट आणि 18 वर्षे ही बंधने शिथिल करायला नकार दिला. त्या वर्षी ठाण्यात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या हंडीत मर्यादा उघडपणे ओलांडून नऊ थर लागले आणि गुन्हे दाखल झाले. 2017 मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. उंची आणि वयावर बंधन घालणे हे विधिमंडळाचे काम आहे, अशी भूमिका घेत न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली आणि 14 वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही हे सरकारचे म्हणणे नोंदवून घेतले. ही 14 वर्षांची अट सरकारने बालकामगार प्रतिबंधक कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीच्या आधारे मांडली होती.

इथे थांबून पाहायला हवे. ज्या खेळाला सरकारनेच दोन वर्षांपूर्वी साहसी खेळ म्हटले होते, त्यातल्या मुलाचे वय ठरवायला क्रीडा खात्याचा कोणताही नियम हाताशी नव्हता. कामगार कायद्याकडे जावे लागले. जिम्नॅस्टिक्समध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ वयाची अट घालतो, बॉक्सिंगमध्ये वैद्यकीय तपासणीशिवाय रिंगणात उतरता येत नाही, मॅरेथॉनला वयाचा पुरावा लागतो. हे नियम त्या त्या खेळाच्या संस्था बनवतात आणि मोडणाऱ्याला त्या खेळातून बाहेर काढतात. दहीहंडीत नियम न्यायालयाने केला, पाळायचा पोलिसांनी, आणि मोडला तर गुन्हा दाखल होणार मंडळाच्या अध्यक्षावर. मधली जागा, जिथे खेळाची स्वतःची संस्था असायला हवी, ती रिकामी होती. पथकांची आणि उत्सवांची समन्वय समिती आहे आणि तिने सुरक्षेसाठी मनापासून काम केलेले आहे. पण एखाद्या पथकाला वर्षभर मैदानाबाहेर ठेवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.

समाजशास्त्राच्या चष्म्यातून

अमेरिकी अभ्यासक ॲलन गटमन यांनी 1978 मध्ये आधुनिक खेळाची सात लक्षणे मांडली. धर्मापासून सुटका, सर्वांना समान संधी, विशेषीकरण, तर्कशुद्ध नियम, नोकरशाही, मोजमाप आणि विक्रम. विधी हळूहळू खेळात बदलतो तो या वाटेने, असे त्यांचे म्हणणे. दहीहंडीला ही मोजपट्टी लावली की गंमतीची गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे शेवटची लक्षणे आधी आली. थर मोजले जातात, सेकंद मोजले जातात, विक्रमासाठी गिनीजचे परीक्षक येतात. विशेषीकरणही पूर्ण आहे. तळाचा माणूस वर जात नाही आणि एक्का खाली उतरत नाही. धर्मही सुटलेला नाही आणि तो सुटावा असा आग्रह धरण्याचे कारणही मला दिसत नाही, कारण कुस्तीच्या हौद्यातही हनुमान असतोच. अडले आहे ते नियम आणि नोकरशाही या दोन ठिकाणी. म्हणजे ज्या लक्षणांतून प्रसिद्धी मिळते ती आली आणि ज्यांतून खेळाडूला संरक्षण मिळते ती मागे राहिली. हा क्रम अपघाताने उलटा झालेला नाही. विक्रमाला प्रायोजक मिळतो. दुखापतींची नोंदवही ठेवायला प्रायोजक मिळत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी खेळ आणि वर्ग यांचे नाते उलगडताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. श्रमिक वर्गाचा शरीराकडे पाहण्याचा दृष्टिकोन साधनाचा असतो. शरीर वापरायचे, त्यातून काही मिळवायचे, दुखले तर सोसायचे. सुखवस्तू वर्ग शरीर जपण्यासाठी खेळतो, टेनिस-गोल्फसारख्या अंगाला अंग न लागणाऱ्या खेळांत रमतो. मुंबईत हे रस्त्यावर दिसते. दहीहंडीवर बंदी घाला म्हणणारा बराचसा वर्ग वाहतूक आणि आवाज यांबद्दल बोलतो, आणि त्याची मुले थरांत नसतात. हंडी वाचवा म्हणणारे नेते मंचावर असतात, आणि त्यांचीही मुले थरांत नसतात. दोन्ही बाजूंच्या मधोमध उभा असलेला तळाचा माणूस या वादात क्वचितच बोलताना दिसतो. त्याच्याकडे दुसरे कोणते भांडवल नाही म्हणून तो शरीर लावतो, आणि त्या बदल्यात त्याला जे मिळते त्याची किंमत बाहेरच्याला कळत नाही. वर्षातून एक दिवस संपूर्ण शहर त्याच्या कौशल्याकडे मान वर करून पाहते. हे थोडे नाही. बंदीची मागणी करताना ही गोष्ट विसरणे अन्यायाचे आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

धोका स्वेच्छेने पत्करण्याच्या वृत्तीचा अभ्यास स्टीफन लिंग या समाजशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमारास केला. त्याने पाहिले ते विमानातून उड्या मारणारे हौशी लोक होते. कौशल्याच्या जोरावर मृत्यूच्या कडेपर्यंत जायचे आणि तिथून सुखरूप परत यायचे, यात माणसाला स्वतःवरच्या ताब्याची तीव्र जाणीव होते, असे त्याचे म्हणणे. गोविंदांशी बोलणाऱ्या कोणालाही ही जाणीव ओळखीची वाटेल. आठवा थर लागताना खाली जी शांतता पसरते ती सगळे पथक एकाच श्वासावर असल्याची असते. पण लिंगच्या चौकटीत दोन गोष्टी बसत नाहीत. त्याचा माणूस एकटा निर्णय घेतो. इथे एकाचा पाय सरकला तर साठ-सत्तर माणसांचे शरीर पणाला लागते. आणि त्याचा माणूस प्रौढ आहे. नऊ-दहा वर्षांचा एक्का धोका ‘पत्करतो’ असे म्हणता येत नाही. त्याच्या वतीने तो पत्करला जातो, त्याच्यावर जीव असलेल्या माणसांकडून.

5 टक्क्यांचा वाद

2022 च्या घोषणेवर सगळ्यात तीव्र प्रतिक्रिया स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आली. वर्षानुवर्षे अभ्यासिकेत घालवलेली मुले आणि राष्ट्रीय स्तरावर पदके मिळवलेले खेळाडू यांच्या वाट्यात नवा दावेदार आला, अशी त्यांची तक्रार होती. गोविंदाची पात्रता ठरवणार कशी, असा सवाल विरोधी पक्षनेते अजित पवार यांनीही केला. समाजमाध्यमांवर त्या दिवसांत गोविंदांची खूप टिंगल झाली. तिच्यात वर्गाचा वास होता आणि तो मला तेव्हाही झोंबला. थर लावणे हे कौशल्य आहे, त्यासाठी ताकद, तोल, शिस्त आणि सराव लागतो. मल्लखांब किंवा कबड्डी खेळणाऱ्याला जी पात्रता आपण मान्य करतो तिच्यापेक्षा हे कमी नाही.

तरीही विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला उत्तर हवेच होते. क्रीडा आरक्षणाचा लाभ व्यक्तीला मिळतो. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा, तिचा निकाल, प्रमाणपत्र आणि त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. दहीहंडी ही दोनशे माणसांची कामगिरी आहे. प्रमाणपत्र कोणाला द्यायचे? एक्क्याला, जो अजून शाळेत आहे? तळाच्या बाराजणांना? की बाहेरच्या कड्यातल्या, ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवत नाही अशा माणसांना? आणि ते देणार कोण? राज्यस्तरीय मान्यताप्राप्त संघटनेची नोंदणी नसेल तर उरतो मंडळाचा अध्यक्ष आणि त्याच्या मागचा स्थानिक नेता. म्हणजे गोविंदाची नोकरी पुन्हा त्याच मंचावरच्या माणसाच्या सहीवर येऊन अडकते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे महाराष्ट्राने आधीच पाहिलेली आहेत. आरक्षणाचा हक्क जर खरोखर द्यायचा असेल तर आधी खेळाडूंची यादी हवी, वर्षभराची स्पर्धा हवी, निकालपत्रक हवे. घोषणा या सगळ्याच्या आधी झाली आणि त्यामुळे गोविंदांच्या हाती लाभ येण्याआधी लोकांची नाराजी आली.

विमा मात्र प्रत्यक्षात आला आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. 2023 मध्ये 50 हजार गोविंदांचा हप्ता सरकारने भरला, 2025 मध्ये ही संख्या दीड लाखांवर नेली. पूर्वी मंडळे स्वतः वर्गणी काढून विमा उतरवत किंवा उतरवतच नसत. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की विमा पडल्यानंतर मिळतो. आणि विम्यासाठी भरलेली नावे-वये ही एक्क्याच्या वयाची पडताळणी करण्याची आयती संधी असते.

31 ऑगस्ट 2023 ला वरळीच्या डोममध्ये ‘प्रो गोविंदा’ ही स्पर्धा सुरू झाली. बंदिस्त जागा, गाद्या, सुरक्षा दोर, ठरलेली वेळ, प्रेक्षागृहात तिकिटाची खुर्ची. गटमनच्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला ते स्वागतार्ह वाटते. पण निवडक पथके डोममध्ये सुरक्षित खेळतात आणि बाकीची हजार-बाराशे पथके त्याच आठवड्यात डांबरावर. उपाय वर सापडला म्हणून तो खाली झिरपतो असे नाही. सुरक्षा दोर, हार्नेस आणि हेल्मेट ही खर्चाची साधने आहेत, आणि चार-पाच थर लावणाऱ्या वस्तीतल्या पथकाकडे तेवढे पैसे नसतात. ज्याच्याकडे कौशल्य कमी त्याच्याकडे साधनेही कमी, म्हणून जोखीम तिथेच साठते.

कातालोनियातला दुसरा रस्ता

स्पेनच्या कातालोनियात दोनशेहून जास्त वर्षे मानवी मनोरे लावले जातात. तिथेही गावागावांची पथके आहेत, वर लहान मूल चढते, तळाला शेकडो लोकांचे कडे असते. 1989 मध्ये तिथल्या पथकांनी स्वतःची समन्वय संस्था काढली. ती विमा सांभाळते, किती मनोरे कोसळले आणि कोणाला कुठे लागले याच्या नोंदी ठेवते, प्रशिक्षण देते. 2006 मध्ये मातारो शहरात वरच्या थरातली 12 वर्षांची मुलगी पडून मरण पावली. त्यानंतर वरच्या मुलांसाठी खास बनवलेली हेल्मेट आली आणि ती आता सर्रास वापरली जातात. 2010 मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिथला एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. मनोरा पूर्ण लागला पण उतरवताना कोसळला, तर त्याचे मोल कमी धरतात. शेवटचा माणूस सुखरूप खाली आला की मगच कामगिरी पूर्ण. आपल्या पथकांतले जुने प्रशिक्षकही मुलांना हेच शिकवतात. थर लावण्याइतकाच उतरवण्याचा अभिमान बाळगणारी पथके मुंबईत आहेत. पण ही गोष्ट प्रशिक्षकाच्या संस्कारावर सोडून चालणार नाही. सलामीची रक्कम उतरल्यावरच द्यायची, एवढी एक अट सगळ्या आयोजकांना लेखी बंधनकारक केली तर दमलेले पथक दिवसाच्या बाराव्या ठिकाणी नववा थर लावण्याआधी दोनदा विचार करेल. याला पैसा लागत नाही.

कातालोनियात 1980 च्या दशकापासून स्त्रिया थरांत मिसळू लागल्या आणि हलक्या, तोल सांभाळणाऱ्या शरीरांमुळे मनोरे अधिक उंच गेले. मुंबईत मात्र महिलांची पथके वेगळी आहेत. विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी अशा भागांतल्या मुली पाच, सहा थर लावतात आणि त्यांची मेहनत पुरुषांच्या पथकांइतकीच असते. रात्री नऊनंतर सराव म्हणजे घरून परवानगी, सुरक्षित जागा, कपडे बदलायची सोय हे प्रश्न त्यांच्यापुढे जास्त असतात. आयोजकांच्या यादीत त्यांना वेळ दुपारची, बक्षीस कमी. पाचशे मुलांच्या गर्दीतून ट्रकपर्यंत पोहोचणे हीच त्यांच्यासाठी वेगळी कसरत असते. मुलींना थर लावू देणारी आई वस्तीत किती बोलणी खाते, तेही मोजायला हवे. खेळाचा दर्जा दिल्यावर सर्वांत आधी दिसायला हवा होता तो बदल इथे: समान बक्षीस आणि सरावाला मैदान. दोन्हींबद्दल घोषणेत काहीच नव्हते.

2025 चा ऑगस्ट

10 ऑगस्ट 2025, रविवार. दहिसरमध्ये सरावाच्या वेळी 11 वर्षांचा एक मुलगा थरावरून पडून मरण पावला. 14 वर्षांच्या अटीला तेव्हा आठ वर्षे झाली होती. सहा दिवसांनी, 16 ऑगस्टला, ठाण्यात जोगेश्वरीच्या कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर लावून नवा विक्रम केला. त्याच दिवशी जय जवान पथकानेही दहा थरांची कामगिरी केली. त्या पथकांनी जे साध्य केले ते असामान्य आहे. दहा थर म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाचे फळ असते आणि त्याचे कौतुक हातचे राखून करू नये. पण बातम्यांत विक्रम आठवडाभर राहिला आणि मुलगा दोन दिवस.

दहिसरच्या घटनेतला सर्वांत महत्त्वाचा तपशील असा की ती सरावात घडली. 2014 मधला मुलगाही सरावातच मरण पावला होता. सगळे नियम, पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका, वैद्यकीय पथक, हमीपत्रे हे सारे एका दिवसासाठी असते. सराव महिना-दीड महिना रोज रात्री चालतो आणि त्या वेळी तिथे मंडळाशिवाय कोणीही नसते. जोखमीचे तास मोजले तर उत्सवाचा दिवस हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. कोणत्याही खेळात सरावाला मैदान, प्रशिक्षक आणि प्रथमोपचार लागतो, कारण खेळाडू स्पर्धेपेक्षा सरावातच जास्त वेळ घालवतो. क्रीडा खात्याने खेळ म्हणून दहीहंडीकडे पाहिले असते तर नजर आपोआप सरावाकडे गेली असती. उत्सव म्हणून पाहिल्यामुळे ती एका दिवसावर खिळली.

म्हणून मला सुचणारी कामे रुक्ष आहेत. पथकांची सक्तीची नोंदणी जूनमध्ये व्हावी आणि विमा त्या नोंदणीलाच जोडावा. वरच्या तीन थरांतल्या प्रत्येकाच्या जन्मदाखल्याची प्रत वॉर्डाच्या क्रीडा अधिकाऱ्याकडे असावी. महापालिका शाळांची मैदाने त्या दीड महिन्यासाठी रात्री दिव्यांसह खुली करावीत आणि तिथे गाद्या महापालिकेच्याच असाव्यात, म्हणजे गरीब पथकालाही त्या मिळतील. चार थरांपुढे सराव करणाऱ्या पथकाचा प्रशिक्षक प्रशिक्षित असावा. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सचे जाणकार मुंबईत आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवावे. आणि प्रत्येक दुखापत, किरकोळ मानली गेलेलीही, एका नोंदवहीत यावी. कोणत्या थरातून, कितव्या सलामीला, किती वाजता, गादी होती की नव्हती. आज आपल्याकडे उत्सवाच्या रात्री रुग्णालयांनी दिलेला आकडा असतो आणि दुसऱ्या दिवशी तो विसरला जातो. कोणता थर सर्वांत जास्त घातक, दिवसाच्या कोणत्या वेळी अपघात वाढतात, एक्का जास्त जखमी होतो की तिसऱ्या थरातला माणूस, याचे उत्तर अशा नोंदीतूनच मिळेल, आणि हेल्मेट कोणाच्या डोक्यावर आधी घालायचे तेही त्यातूनच ठरेल.